मेण टिकतं म्हणजे नेमकं काय टिकतं?

मोबाइल, टीव्ही किंवा इन्व्हर्टरच्या सर्किटवर ज्या काळ्या चौकोनी चिप दिसतात, त्यांच्या कवचात बहुधा थोडं मेण मिसळलेलं असतं, आणि ते अनेकदा झाडापासून मिळालेलं असतं. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या सिआरा, पियाउई या कोरड्या राज्यांत कार्नौबा नावाचं ताडाच्या जातीचं झाड वाढतं. कडक उन्हात पानांतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून त्याच्या पानांवर मेणाचा थर येतो. पानं कापून, वाळवून, झोडपून ते मेण काढतात. बरंचसं गाड्यांच्या पॉलिशला आणि गोळ्या-चॉकलेटांच्या चकाकीला जातं. त्यातलाच काळजीपूर्वक शुद्ध केलेला थोडा माल चिपच्या कवचात पोचतो.

आता आकडे बघा. कार्नौबा मेण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. चिपचं कवच साच्यात घडतं ते सुमारे १७५ अंशांना. पुढे ती चिप बोर्डवर बसवताना सोल्डरिंगच्या भट्टीत तापमान २६० अंशांपर्यंत चढू शकतं. तरीही हे मेण तिथे चालतं, वर्षानुवर्षं चालत आलंय. याउलट काचेच्या नळ्यांसारख्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या रेडिओत मेणात भिजवलेले कागदी कंडेन्सर (विद्युतभार साठवणारे भाग) असायचे. त्यातले कितीतरी असे निकामी झाले, की त्यांचं मेण एकदाही वितळलं नव्हतं.

मेणाबद्दल बोलताना आपण पहिला प्रश्न विचारतो तो द्रवणांकाचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात तो प्रश्न फार थोडं सांगतो, असं माझं स्पष्ट मत आहे. मेणाचा आकार टिकणं, त्याचं रसायन टिकणं, ते ठेवलेल्या जागी टिकणं आणि त्यात साठवलेला विद्युतभार टिकणं या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एकीत पहिलं आलेलं मेण दुसरीत सपशेल नापास होऊ शकतं.

आधी आकार

सगळ्यांच्या ओळखीचं पॅराफिन मेण खनिज तेलातून निघतं. आपल्याकडे आसाममधल्या दिग्बोई आणि नुमालीगडच्या रिफायनऱ्यांत ते बनतं. ते म्हणजे कार्बनच्या सरळ साखळ्यांचं मिश्रण, साधारण २० ते ४० कार्बन लांबीच्या. २० कार्बनची साखळी ३७ अंशांच्या आसपास वितळते, ३० कार्बनची ६५-६६ अंशांना. बाजारातल्या मेणात अशा अनेक लांबीच्या साखळ्या एकत्र असतात, त्यामुळे ते एका ठरावीक अंशाला वितळत नाही, टप्प्याटप्प्याने वितळतं. पोत्यावर '५८-६०' असं लिहिलेलं असतं ते म्हणूनच.

पण वितळण्याच्या बऱ्याच आधी मेण बदलू लागतं. द्रवणांकाच्या काही अंश खाली असताना स्फटिकातल्या साखळ्या जागा न सोडता स्वतःभोवती फिरू लागतात. मेण दिसायला घनच असतं, हाताला मात्र मऊ लागतं आणि दाबाखाली हळूहळू सरकतं. हे मोजायची साधी, जुनी चाचणी आहे. १०० ग्रॅम वजनाखाली एक सुई ५ सेकंद मेणात रुतू द्यायची आणि ती किती खोल गेली ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजायचं. ही चाचणी २५ अंशांना करतात. ज्याला मेण खरोखर वापरायचंय त्याने ती ४५ आणि ५० अंशांनाही करून बघावी. चंद्रपुरात मे महिन्यात सावलीतलाच पारा ४५च्या पुढे जातो. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आतलं तापमान त्याहून बरंच वर असतं, आणि त्यात उपकरणाची स्वतःची उष्णता मिळते. अशा ठिकाणी ५८ अंशांचं पॅराफिन वितळणार नाही कदाचित, पण कॉइलच्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या, तारा धरून ठेवायचं त्याचं काम संपलेलं असेल.

दुसरी अडचण थंड होताना येते. पॅराफिन वितळताना त्याचं आकारमान १० ते १५ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे गोठताना तितकंच आकसतं. कॉइल गरम मेणात बुडवून बाहेर काढली की बाहेरचा थर आधी गोठतो, आतला नंतर आकसतो आणि मध्ये पोकळ्या राहतात. मेण भरायचं कारणच हवा हाकलणं हे असताना हवेला पुन्हा जागा मिळते. यावर उपाय म्हणून पॅराफिनमध्ये मायक्रोक्रिस्टलाइन मेण मिसळतात. तेही खनिज तेलाचंच, पण त्याच्या साखळ्यांना फांद्या असतात. फांद्यांमुळे मोठे, ठिसूळ स्फटिक बनत नाहीत. मेण लवचिक राहतं, चिकटतं चांगलं, तडे कमी जातात. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचं कंपन टिपणाऱ्या पिकअपमध्ये केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे थरथरू नयेत म्हणून मेण भरतात. तिथेही नुसतं पॅराफिन न वापरता त्यात थोडं मधमाशीचं मेण घालायची पद्धत आहे, कारण हेच.

मग रसायन

शेंगदाण्याचं तेल उघडं राहिलं की खवट होतं. मेणाचं म्हातारपण याच वाटेने येतं, फक्त फार सावकाश. हवेतला ऑक्सिजन साखळीतला एखादा हायड्रोजन ओढून काढतो, तिथे पेरॉक्साइड तयार होतं, ते फुटून आणखी दोन-तीन जागी हीच क्रिया सुरू करतं. शेवटी साखळ्या तुटतात आणि आम्लं, कीटोन असे पदार्थ उरतात. मेण पिवळं पडतं, वास बदलतो आणि विद्युतरोध घसरतो. पॅराफिनच्या सरळ साखळीत हायड्रोजन घट्ट बसलेले असतात. फांदी फुटते त्या जागेवरचा हायड्रोजन मात्र सहज सुटतो. म्हणून वर ज्याचं कौतुक केलं ते लवचिक, चिकट मायक्रोक्रिस्टलाइन मेण ऑक्सिजनपुढे पॅराफिनपेक्षा लवकर हार खातं. मेण निवडणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. तडे टाळायला फांद्या हव्यात आणि म्हातारपण टाळायला नकोत. मार्ग असा काढतात, की दोन्ही मिसळायची आणि वर चिमूटभर ऑक्सिडीभवनरोधक घालायचं. बीएचटी हा त्यातला नेहमीचा. ऑक्सिजनने सुरू केलेली क्रिया तो स्वतःवर घेतो, आणि तो संपेपर्यंत मेण सुरक्षित राहतं.

या क्रियेला वेग देणाऱ्या धातूंत तांबं अग्रभागी आहे, आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये मेण ज्याला चिकटतं तो धातू बहुतेक वेळा तांबंच असतो. मधमाशीच्या मेणात तर मुळातच मोकळी मेदाम्लं असतात, दहा टक्क्यांहून जास्त. ती उघड्या तांब्याशी हळूहळू संयोग पावून तांब्याचे साबण तयार करतात. जुन्या कॉइलच्या टोकांपाशी मेणात हिरवी झाक दिसते ती याचीच. तारेवर इनॅमल असेपर्यंत फारसं बिघडत नाही, पण सोल्डर केलेली टोकं उघडी असतात.

घरी रेडिओ, पिकअप किंवा छोटे ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: मेणबत्तीचे तुकडे वितळवून कॉइलवर ओतू नका. मेणबत्ती कडक व्हावी आणि साच्यातून सुटावी म्हणून तिच्यात अनेकदा स्टिअरिक आम्ल घातलेलं असतं. ते नावाप्रमाणे आम्लच आहे, आणि शिवाय रंग व सुगंध असतातच. शुद्ध केलेलं, तेलाचा अंश अर्ध्या टक्क्याहून कमी असलेलं पॅराफिन दुकानात मिळतं, तेच घ्या. आणि ते थेट गॅसवर न तापवता गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा.

कारखान्यांना सांगण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. उपकरणात मेण ४० अंशांना राहतं आणि बुडवायच्या टाकीत १२० अंशांना, असं धरा. फरक ८० अंशांचा, म्हणजे आठ वेळा दुप्पट, म्हणजे २५६ पट. टाकीतला एक दिवस उपकरणातल्या आठ-साडेआठ महिन्यांएवढा भरतो. हा हिशेब ढोबळ आहे. पण वितळलेल्या मेणात ऑक्सिजन घनापेक्षा जास्त सहज शिरतो हे लक्षात घेतलं तर तो टाकीची बाजू कमीच दाखवतो. टाकी रात्रभर तापत ठेवायची, मेण कमी झालं की वरून नवं घालत राहायचं आणि जुनं कधीच पूर्ण काढायचं नाही, ही सवय असेल तर मेण पहिल्या कॉइलवर चढण्याआधीच म्हातारं झालेलं असतं. टाकीतलं मेण अधूनमधून काढून त्याचा आम्लांक, म्हणजे त्यात किती आम्ल साठलंय ते, मोजणं हा स्वस्त उपाय आहे.

जागच्या जागी राहणं

आता चिपच्या कवचाकडे वळू, कारण मेणाची सगळ्यात अवघड परीक्षा तिथे होते. कवचाच्या मालात ७० ते ९० टक्के सिलिकाची बारीक पूड असते. उरलेल्यात इपॉक्सी, ते घट्ट करणारं रसायन, रंगासाठी काजळी आणि मेण. मेणाचं प्रमाण वजनाने एक टक्क्याहून कमी. हा माल १७५ अंशांच्या पोलादी साच्यात दाबाने शिरतो, मिनिट-दोन मिनिटांत घट्ट होतो, आणि मग चिप त्याच तापमानाच्या भट्टीत काही तास ठेवतात.

इपॉक्सी हा मुळात गोंद आहे. त्याने सिलिकॉनला आणि तांब्याच्या लीडफ्रेमला, म्हणजे चिपला आधार देऊन बाहेरच्या सर्किटशी जोडणाऱ्या चौकटीला, घट्ट धरावं, पण साच्याला धरू नये, अशी अपेक्षा असते. साच्यातून सुटण्याचं काम मेण करतं. १७५ अंशांना ते पातळ द्रव झालेलं असतं, इपॉक्सीत पूर्ण मिसळत नाही आणि पृष्ठभागाकडे सरकतं. साच्यालगत त्याचा अतिशय पातळ थर तयार होतो. अडचण अशी की समोर साचा आहे की लीडफ्रेम, हे मेणाला कळत नाही. जे मेण साच्याशी चिकटणं तोडतं, तेच लीडफ्रेमशीही तोडू शकतं.

पॅराफिन इथे चालत नाही. इपॉक्सीशी त्याचं जराही जमत नाही, त्याचे थेंब वेगळे होऊन बाहेर घामासारखे येतात. कार्नौबा मेण मुख्यतः एस्टरांचं, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जुळून बनलेल्या संयुगांचं, बनलेलं असतं. एस्टर गटामुळे त्याला थोडी ध्रुवीयता असते, म्हणून ते इपॉक्सीत थोडं रमतं आणि थोडंच बाहेर येतं. हा मधला स्वभाव त्याच्या निवडीचं मोठं कारण. लिग्नाइट कोळशातल्या मेणापासून मिळणाऱ्या मोन्टन आम्लाचे एस्टर आणि ऑक्सिडीकृत पॉलिइथिलीन मेण हेही अशाच कारणाने वापरतात, काही वेळा कार्नौबासोबत मिसळून.

इपॉक्सीचं जाळं एकदा पक्कं झालं की आत राहिलेलं मेण त्यात अडकून पडतं. आकार धरायची जबाबदारी आता मेणावर नसते, इपॉक्सीवर असते. म्हणून पुढे सोल्डरिंगला २६० अंश झाले आणि मेण आतल्या आत वितळलं तरी चिपचं काही जात नाही. इथे मेणाकडून वेगळीच स्थिरता हवी असते. १७५ अंशांना तासन्‌तास राहून ते उडून जाऊ नये, फुटू नये आणि त्याने सोडियम किंवा क्लोराइडसारखे आयन सोबत आणू नयेत. असे आयन ओलाव्याच्या साथीने चिपवरचं ॲल्युमिनियम कुरतडतात.

मेण लीडफ्रेमवर जास्त साचलं, तर गडबड लगेच दिसत नाही. तिथे चिकटणं थोडं कमी होतं, एवढंच. मग चिप हवेतला ओलावा शोषते. प्लॅस्टिकचं कवच पाण्याच्या वाफेला पूर्ण अडवत नाही. पुढे सोल्डरिंगच्या भट्टीत काही सेकंदांत ते पाणी वाफ होतं. बंद पोकळीत पुरेसं पाणी असेल तर २२० अंशांना त्या वाफेचा दाब सुमारे २३ बार होतो आणि २६० अंशांना सुमारे ४७ बार. युरोपीय संघाने २००६ मध्ये इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या शिशावर बंदी आणल्यानंतर जे बिनशिशाचे सोल्डर आले ते जास्त तापमानाला वितळतात. त्यामुळे भट्टीचं तापमान चढलं आणि मेणाची चूक लपवायला जागाच उरली नाही. कमकुवत जोड सुटतो, कवच फुगतं, कधी आवाज करून तडकतं. चिपच्या सीलबंद पाकिटावर 'उघडल्यापासून इतक्या तासांत वापरा' अशी सूचना असते ती या ओलाव्यापायीच. आतला जोड सुटलाय का हे पाहायला अल्ट्रासाउंडवर चालणारी सूक्ष्मदर्शक यंत्रं वापरतात, आणि तेव्हा कुठे बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या चिपमधली सुटलेली जागा नजरेस पडते.

साच्यावरही परिणाम होतो. प्रत्येक वेळी मेणाचा आणि रेझिनचा थोडा अंश पोलादावर राहतो, तापून काळवंडतो आणि चिकट डाग बनतो. म्हणून ठरावीक फेऱ्यांनंतर मेलामाइनचा माल साच्यात दाबून डाग उचलतात आणि मग मेण जास्त असलेला माल चालवून साचा पुन्हा तयार करतात.

चकतीच्या कामातलं मेण त्या मानाने सरळमार्गी. सफायर किंवा गॅलियम आर्सेनाइडची पातळ चकती घासताना ती मेणाने तबकडीवर चिकटवतात. थर काही मायक्रॉनचा, तो सगळीकडे सारखा असावा आणि काम झाल्यावर मागमूस न ठेवता निघावा. कणभर धूळ खाली राहिली तरी चकतीवर खळगा पडतो.

भार धरून ठेवणारं मेण

मेणाने विद्युतभार वर्षानुवर्षं धरून ठेवला, अशी एक विलक्षण गोष्ट जपानमध्ये घडली. मोतोतारो एगुची या भौतिकशास्त्रज्ञाने १९२०च्या सुमारास कार्नौबा मेण आणि राळ यांत थोडं मधमाशीचं मेण मिसळलं, ते वितळवलं आणि तीव्र विद्युतक्षेत्रात ठेवून तसंच गोठू दिलं. क्षेत्र काढल्यावरही मेणाच्या त्या चकतीवर भार उरला. सुरुवातीला तिच्या पृष्ठभागावर समोरच्या इलेक्ट्रोडच्या विरुद्ध चिन्हाचा भार होता. काही दिवसांत तो कमी होत शून्यावर आला, उलटला आणि मग त्याच चिन्हाचा होऊन कित्येक वर्षं टिकला. कारण आत दोन वेगळे भार होते. रेणूंच्या दिशा आणि आतल्या आयनांची सरकण यांतून आलेला भार लवकर ओसरला, आणि इलेक्ट्रोडकडून येऊन मेणात खोल अडकलेला मागे राहिला. चकती बनल्या दिवशी मोजून 'स्थिर' किंवा 'अस्थिर' ठरवलं असतं तर दोन्ही उत्तरं चुकली असती. मेणाच्या कुठल्याही चाचणीला वेळ द्यावा लागतो, हे मला यातून फार पटतं.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याच्या फोनमध्ये अशा मेणाचे मायक्रोफोन होते. पण ओलावा आणि उष्णता लागली की भार निघून जायचा. १९६२ मध्ये बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी प्लॅस्टिकच्या पातळ पटलाचा मायक्रोफोन बनवला, आणि पुढे टेफ्लॉनचं पटल आल्यावर मेणाची जागा गेली.

कंडेन्सर

कागदी कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये पातळ कागद गुंडाळून, निर्वातात वाळवून, वितळलेल्या मेणात भिजवत. मेण हवा हाकलतं आणि ओलावा अडवतं, असा हेतू. पॅराफिन विद्युतरोधक म्हणून उत्तम आहे आणि ते तसंच राहिलं. पण टोकांपाशी उन्हाळा-हिवाळ्याच्या आकसण्या-पसरण्याने बारीक तडे गेले, वाफ आत शिरली आणि कागदाने ती शोषली. मेण टिकलं, पण ज्याची राखण करायची तो कागद गेला. नुकसान किती होतं बघा. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर २०० व्होल्ट आहेत आणि पुढच्याच्या ग्रिडला, म्हणजे प्रवाहाला आवर घालणाऱ्या जाळीला, अर्धा मेगोहमचा रेझिस्टर आहे, असं समजा. मधल्या कंडेन्सरचा रोध घसरून २० मेगोहम झाला, तर ग्रिडवर जवळजवळ ५ व्होल्टचा नको असलेला धन दाब येतो. व्हॉल्व्ह जास्त प्रवाह ओढतो, तापतो आणि शेवटी ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. म्हणून जाणकार दुरुस्तीवाला जुना रेडिओ चालू करण्याआधीच हे कंडेन्सर बदलतो.

पॅराफिनमध्ये आणखी एक उणीव होती. त्याची विद्युत्‌शीलता (कंडेन्सरला भार साठवायला पदार्थ किती मदत करतो त्याचं माप) सुमारे २.२, म्हणजे कंडेन्सर आकाराने मोठा होतो, शिवाय ते पेटतं. मग नॅफ्थलीनला क्लोरीन जोडून बनवलेलं मेण आलं. 'हॅलोवॅक्स' हे त्याचं गाजलेलं व्यापारी नाव. विद्युत्‌शीलता पाचच्या आसपास, सहजी पेटत नाही, ऑक्सिजनला दाद देत नाही, बुरशी धरत नाही. या लेखात मोजलेल्या जवळजवळ प्रत्येक कसोटीला ते उतरलं.

ते माणसांना मात्र सोसलं नाही. वितळलेल्या हॅलोवॅक्सच्या वाफेत काम करणाऱ्या कामगारांच्या चेहऱ्यावर आणि अंगावर चिवट पुरळ उठले, काहींना कावीळ झाली, यकृत निकामी होऊन काही दगावले. १९३०च्या दशकात हार्वर्डचे सेसिल ड्रिंकर यांनी प्राण्यांवर प्रयोग करून विषबाधा यकृताला होते हे दाखवलं. तरीही महायुद्धात जहाजांच्या केबलवर हे मेण वापरलं गेलं आणि केबल ओढणाऱ्यांना पुरळाचा त्रास झाला. अमेरिकेतल्या मुख्य उत्पादकाने ते बनवणं थांबवलं १९७७ मध्ये. ऑक्सिजन ज्याला तोडू शकत नाही त्याला माती, पाणी आणि आपलं शरीरही सहजी तोडू शकत नाही. २०१५ मध्ये क्लोरीनयुक्त नॅफ्थलीनांचा समावेश स्टॉकहोम कराराच्या चिवट प्रदूषकांच्या यादीत झाला.

जुन्या कंडेन्सरमधलं मेण साधं आहे की क्लोरीनवालं, हे नुसतं बघून ओळखता येत नाही. त्यामुळे असे कंडेन्सर काढताना हातमोजे घाला, मेण सोल्डरिंग आयर्नने वितळवू नका, नखाने खरवडू नका आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा. काढलेले कंडेन्सर जाळू नका, भंगारातही टाकू नका, ते अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्या.